अंडे घालण्याआधी मोजमाप घेणारी माशी

जुन्या घराच्या तुळईला, दाराच्या चौकटीमागे, कधी देव्हाऱ्याच्या भिंतीला मातीचे एक छोटे गोल घर चिकटलेले दिसते. ते बांधणारी ती कुंभारीण माशी. ती कुठून तरी हिरवी अळी उचलून आणते, त्या घरात कोंबते, तोंड मातीने लिंपते आणि निघून जाते. काही दिवसांनी घर फोडून बाहेर पडते ती अळी नसते, माशी असते. आपल्याकडच्या लोकांनी हे शेकडो वर्षांपूर्वी नीट पाहून ठेवले होते. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने सांगितलेल्या चोवीस गुरूंमध्ये ही माशी आहे. एकनाथांनी त्याच स्कंधावर टीका लिहिली आणि हा दृष्टांत मराठी माणसाच्या ओळखीचा झाला. माशीच्या ध्यासाने अळी शेवटी माशीच होते, असा त्याचा अर्थ लावला गेला.

पाहणे अचूक होते. फक्त मधली एक गोष्ट डोळ्याला दिसत नव्हती, ती म्हणजे अंडे. कुंभारीण अळी आणण्याआधीच रिकाम्या घरात एक अंडे घालते. तेही जमिनीवर नाही, तर बारीक धाग्याने आतल्या भिंतीला टांगून. मग अळ्या आणून भरते. त्या मेलेल्या नसतात, डंखाने लुळ्या झालेल्या असतात. मेल्या असत्या तर दोन दिवसांत कुजल्या असत्या. पिल्लाला ताजे अन्न मिळावे म्हणून केलेली ही सोय आहे.

इथे एक गोष्ट सांगतो, कारण रुग्ण अनेकदा विचारतात. माशीचा, मधमाशीचा डंख म्हणजे मुळात अंडी घालण्याची नळी. काही कुळांत पुढे तिचे काम बदलले आणि ती फक्त विष टोचायला उरली. म्हणूनच डंख मारते ती मादीच, नराकडे ती नळीच नसते. पण या माश्यांच्या हजारो जाती अशा आहेत की ज्यांनी नळीचे मूळ काम सोडले नाही. त्या मातीचे घर बांधत नाहीत, अळी उचलून आणत नाहीत. अळी शेतात जिथे आहे तिथेच तिच्या अंगात, किंवा त्याही आधी पतंगाच्या अंड्यात, त्या आपले अंडे ठेवतात. घर आणि अन्न एकाच ठिकाणी. शेतीखाते त्यांना परोपजीवी मित्रकीटक म्हणते.

साक्री तालुक्यात खरिपात मका मोठ्या प्रमाणावर असतो आणि मक्याच्या पोंग्यात गेली काही वर्षे अमेरिकन लष्करी अळी बसलेली असते. ही अळी भारतात पहिल्यांदा मे २०१८ मध्ये कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोचली. खाली जळगावच्या बाजूला कापूस अधिक, तिथे गुलाबी बोंडअळी. दोन्हींवर पाठीवरचा पंप चालतो, आणि मग पंपवाला माणूस आमच्याकडे येतो. माझा या माश्यांशी संबंध आला तो या वाटेने. विषबाधेचा रुग्ण बरा होऊन घरी जाताना ‘मग फवारू नको तर काय करू?’ असे विचारतो, आणि त्याचे उत्तर औषधशास्त्राच्या पुस्तकात नसते.

त्या उत्तराचा एक भाग जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचा आहे. ट्रायकोग्रामा. मोहरीच्या एका दाण्यावर तीन-चार जणी ओळीने बसतील. नुसत्या डोळ्याला ती हलणाऱ्या ठिपक्यासारखी दिसते. माणसाला ती चावू शकत नाही, डंख मारू शकत नाही. ती अळीच्याही वाटेला जात नाही. पतंगाने पानावर अंडे घातले की ती त्या अंड्यात आपले अंडे घालते. आत तिचे पिल्लू पतंगाचे अंडे खाऊन वाढते. तीन-चार दिवसांत ते अंडे काळे पडते, आणि आपल्याकडच्या उबेत आठ-दहा दिवसांनी त्यातून अळीऐवजी नवी माशी निघते. पिकाला एक चावाही बसलेला नसतो.

हे सगळे ऐकायला सोपे वाटते. पण अंडे घालण्यापूर्वी ही ठिपक्याएवढी मादी काय काय करते, ते पाहिले तर थक्क व्हायला होते.

पतंगाचे अंडे सापडले की ती आधी त्यावर चढते आणि मिशांनी ठोकत ठोकत चालते. शिंपी अंगाभोवती टेप फिरवतो तसे. अंड्याच्या आकारावरून तिला ठरवायचे असते की यात किती पिल्ले पोसली जातील. लहान अंडे असेल तर एखादेच, मोठ्या पतंगाचे टपोरे अंडे असेल तर कितीतरी अधिक. जास्त घातली तर सगळी उपाशी, कमी घातली तर जागा वाया. कॅनडातील श्मिट आणि स्मिथ या संशोधकांनी १९८०च्या दशकात या मोजणीचा पाठपुरावा केला. मादी पहिल्यांदा अंड्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चालत जाते, त्या चालण्याला किती वेळ लागला यावर ती किती अंडी घालणार हे ठरते. तिचे ते पहिले चालणे मध्येच आखूड केले, तर ती कमी अंडी घालते. म्हणजे एवढ्याशा मेंदूत सेकंद मोजणारे घड्याळ आहे.

दुसरा प्रश्न, या अंड्यात आपल्या आधी कोणी येऊन गेले आहे का? केंब्रिजचे जॉर्ज सॉल्ट यांनी १९३७ मध्ये याचे उत्तर दिले. एखादी मादी अंड्यावर नुसती चालून गेली तरी तिचा वास मागे राहतो आणि दुसरी मादी तो ओळखून अंडे सोडून देते. सॉल्टनी ती अंडी पाण्याने धुतली. आता दुसरी मादी खुशाल पुढे आली, नळी आत घातली, पण आत गेल्यावर पहिलीचे अंडे तिला जाणवले आणि तिने बहुधा आपले अंडे न घालताच नळी मागे घेतली. बाहेर एक खूण आणि आत एक खूण.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात मजेदार वाटतो. मुलगा की मुलगी? माश्यांमध्ये हे आईच्या हातात असते. संभोगानंतर नराचे बीज तिच्या पोटातल्या एका पिशवीत साठून राहते. अंडे बाहेर येताना तिने त्यावर बीज सोडले तर मादी जन्मते, नाही सोडले तर नर. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुलगी झाल्याचा दोष आईला दिला गेला. शरीरशास्त्र सांगते की माणसात लिंग बापाच्या बीजावर ठरते. आईवर ठरणारे प्राणी हवेच असतील तर ते इथे आहेत. भारतात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या ट्रायकोग्रामा चिलोनिस या जातीत जपानी संशोधकांना असे दिसले की फलित अंडे घालताना मादीचे पोट क्षणभर थबकते, नराचे अंडे असेल तर थबकत नाही. नुसते पाहून पुढचे पिल्लू कोण ते सांगता येते. एकाच ठिकाणी जन्मलेल्या बहिणींना एखाददुसरा नर पुरतो म्हणून ती मुलगे मोजकेच घालते. शेजारी दुसऱ्या माद्याही अंडी घालत असतील तर मात्र मुलग्यांची संख्या वाढवते.

या माश्यांच्या काही वाणांत नर जन्मतच नव्हते, फक्त माद्या. १९९० मध्ये स्टाउटहॅमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा माद्यांना मधातून प्रतिजैविके चाटवली. त्यात टेट्रासायक्लिन होते, आणि आम्ही क्षयरोगात देतो ते रिफॅम्पिसिनही. पुढच्या पिढ्यांत नर जन्मू लागले. त्यांच्या पेशींत वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहत होते, आईकडून मुलीकडे जाणारे. नराच्या पोटी त्यांचा वंश पुढे जात नाही, म्हणून त्यांनी नरच बंद करून टाकले होते.

पण अंडे शोधायचे कसे? एकरभर मक्यात टाचणीच्या टोकाएवढे अंडे. ती पतंगाच्या पंखांवरून गळलेल्या भुकटीचा वास धरून शोधते. पतंगाची मादी नराला बोलावण्यासाठी जो गंध सोडते तोही तिला कळतो. नेदरलँड्समध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तर ही माशी फुलपाखरावर स्वार होऊन प्रवास करताना दिसली. कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराच्या मादीला नर भेटून गेला की तिच्या अंगाला एक वेगळा वास येतो, तो दुसऱ्या नरांना दूर ठेवतो. माशी नेमका तो वास हुंगते. वास आहे म्हणजे ही लवकरच अंडी घालणार, असे समजून तिच्या अंगावर चढते आणि थेट अंड्यांपाशी उतरते.

मक्याच्या झाडाचाही यात हात आहे. अळी पान खाते तेव्हा तिची लाळ जखमेत उतरते आणि झाड एक खास गंध हवेत सोडते. नुसते कात्रीने पान कापले तर तसा गंध येत नाही. १९९० मध्ये अमेरिकेत टर्लिंग्ज, टमलिन्सन आणि लुईस यांनी दाखवले की कोटेशिया जातीची परोपजीवी माशी त्या गंधामागे उडत येते. अळीने खाल्लेले झाड तिच्या शत्रूला बोलावते, असे म्हणायला हरकत नाही.

कोटेशिया किंवा हरभऱ्यावरची कॅम्पोलेटिस या माश्या अंड्यात नाही, जिवंत अळीच्या अंगात अंडे घालतात. हे काम फार जोखमीचे आहे, कारण अळीच्या रक्तातही आपल्यासारख्याच रक्षक पेशी असतात. बाहेरची वस्तू आत आली की त्या तिच्याभोवती थरावर थर चढवतात, थर काळा पडतो आणि आतला जीव गुदमरून मरतो. क्षयरोगात आपल्या फुप्फुसात जंतूंभोवती पेशींची गाठ बांधली जाते, तो प्रकार याच जातीचा. मग माशीचे अंडे वाचते कसे?

याचे उत्तर १९८१ मध्ये मिळाले आणि ते कॅम्पोलेटिसच्याच एका अमेरिकन बहिणीवर मिळाले. एडसन, व्हिन्सन, स्टोल्ट्झ आणि समर्स या चौघांनी मादीच्या अंडाशयाजवळचा द्रव तपासला. त्यात विषाणूंचे कण खच्चून भरलेले होते. अंडी धुऊन, द्रव काढून टाकून अळीत घातली तर अळीच्या पेशींनी त्यांना वेढून मारले. धुतलेल्या अंड्यांबरोबर शुद्ध केलेले विषाणू दिले तर अंडी वाचली. अतिनील किरणांनी निकामी केलेले विषाणू दिले तर पुन्हा मेली. म्हणजे मादी अंड्याबरोबर एक विषाणू टोचते आणि तो अळीची प्रतिकारशक्ती दाबतो. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाला आम्ही प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या देतो, नाहीतर शरीर नवे मूत्रपिंड स्वीकारत नाही. माशी ते काम एका टोचणीत उरकते.

याहून विलक्षण गोष्ट अशी की हा विषाणू तिला कोणाकडून लागत नाही. त्याची जनुके तिच्या स्वतःच्या गुणसूत्रांत लिहिलेली आहेत, आईकडून लेकीला मिळणारी. अळीत गेल्यावर तो वाढत नाही, पसरत नाही, काम करून संपतो. कोटेशियाच्या कुळात हा करार सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी झाला असे जनुकांच्या अभ्यासावरून दिसते. एकेकाळी माशीला आजारी पाडणारा विषाणू तिच्या घरातला झाला. संसर्गाकडे नेहमी शत्रू म्हणून पाहणाऱ्या माझ्यासारख्याला हे पचायला वेळ लागतो.

आता शेतात येऊ. बाजारात किंवा कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मिळते ते ट्रायकोकार्ड म्हणजे पोस्टकार्डासारखा कागद. त्यावर तांदळाच्या पतंगाची सुमारे २०,००० अंडी चिकटवलेली असतात आणि त्या अंड्यांत ट्रायकोग्रामाने आधीच आपली अंडी घातलेली असतात. कार्डाच्या पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूला टाचायच्या, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. मक्यावरच्या लष्करी अळीसाठी एकरी ५०,००० परोपजीवी, म्हणजे साधारण अडीच कार्डे, आठवड्याच्या अंतराने पुन्हा पुन्हा सोडायची शिफारस आहे. पुन्हा पुन्हा कशाला? कारण माशी जगते मोजके दिवस, आणि पतंग रोज नवी अंडी घालत असतो. लष्करी अळीचे अंडे उबेत दोन-तीन दिवसांत फुटते. तेवढीच खिडकी. अळी एकदा बाहेर पडून पोंग्यात शिरली की ट्रायकोग्रामाच्या दृष्टीने ती संपली. म्हणून शेतात कामगंध सापळे लावून पतंग दिसू लागताच कार्ड लावायचे असते, पाने चाळणीसारखी झाल्यावर नव्हे.

लष्करी अळीच्या पतंगाने यावरही तोड काढली आहे. ती मादी शे-दीडशे अंड्यांचा पुंजका घालते, थरावर थर, आणि वरून आपल्या अंगाचे केस पांघरते. ट्रायकोग्रामाला त्या लोकरीतून आतल्या थरापर्यंत जाता येत नाही. टेलेनोमस रेमस नावाची दुसरी काळी माशी मात्र केसांत घुसून खालच्या थरातही अंडी घालते. म्हणून मक्याच्या शिफारशीत आता तिचेही नाव असते. गुलाबी बोंडअळीसाठी ट्रायकोग्रामाटॉयडिया बॅक्ट्री ही वेगळी जात लागते. ‘ट्रायकोकार्ड लावले, काही झाले नाही’ अशी तक्रार ऐकू येते तेव्हा जात कोणती होती, लावले कधी आणि त्या आठवड्यात फवारले का, हे तीन प्रश्न विचारावेत.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ऑरगॅनोफॉस्फरस जातीची कीटकनाशके मज्जातंतूंतील एक विकर बंद पाडतात. तंतूंचा निरोप संपायला हवा तो संपत नाही आणि स्नायू, ग्रंथी अखंड चालत राहतात. अळीत ते विकर आहे, माशीत आहे, माणसातही आहे. फवारणाऱ्याला दरदरून घाम येतो, तोंडातून लाळ गळते, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी होते, छातीत पाणी भरल्यासारखा श्वास होतो. आम्ही ॲट्रोपिन देतो, वारंवार देतो, आणि वाट पाहतो. २०१७ च्या पावसाळ्यात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली. बोंडअळी आत सुरक्षित बसलेली, उंच वाढलेल्या कापसात माणूस डोक्याच्या वर पंप धरून उभा, आणि एकात एक मिसळलेली औषधे. (अशी लक्षणे दिसली तर कपडे काढून अंग साबणाने धुवावे, रुग्णाला लगेच आणावे आणि औषधाची बाटली बरोबर आणावी. बाटली नसेल तर आमचा बहुमोल वेळ अंदाजात जातो.)

अळीपेक्षा माशी फार लहान आहे. जो फवारा पोंग्यातल्या अळीपर्यंत पोचत नाही तो पानावर चालणाऱ्या माशीला पुरतो. अळ्या उरतात, त्यांना रोखणाऱ्या मरतात, आणि पुढची फवारणी अधिक लवकर करावी लागते. कार्ड लावण्याच्या आधी आणि नंतर निदान आठवडाभर रासायनिक फवारणी टाळा असे सांगतात ते यासाठी.

कार्डावर सगळे सोपवावे असेही मी म्हणणार नाही. मुसळधार पावसात आणि कडक उन्हात माश्या टिकत नाहीत, मुंग्या कार्ड खाऊन टाकतात, तालुक्याला कार्ड वेळेवर पोचत नाही. बोंडअळीला कापसाची फरदड वेळेत उपटणे याला दुसरा पर्याय नाही. आणि कार्ड बनवणाऱ्यांचाही एक आजार आहे. तांदळाच्या पतंगांच्या पंखांची भुकटी रोज श्वासात गेल्याने तिथल्या कामगारांना शिंका, खोकला, दमा सुरू होतो. अशा ठिकाणी काम करणाऱ्याने मास्क लावलाच पाहिजे, नुसता रुमाल पुरत नाही.

प्रयोगशाळा दूर असेल तर काय, याचे एक उत्तर आफ्रिकेतल्या नायजर देशात आहे आणि ते आपल्या बाजरीच्या पट्ट्याला जवळचे वाटावे. तिथे बाजरीच्या कणसात शिरणारी अळी फार नुकसान करते. शेतकरी तागाच्या छोट्या पिशवीत थोडी बाजरी, तांदळाच्या पतंगाच्या काही अळ्या आणि ब्रॅकॉन जातीच्या फळलेल्या माद्या घालून ती गावात टांगतात. ब्रॅकॉन अळीला लुळे करून तिच्या अंगावर अंडी घालते, अगदी कुंभारणीसारखे, फक्त घर न बांधता. नव्या माश्या तागाच्या विणीतून बाहेर पडतात आणि शेताकडे जातात. अळ्या पतंग होऊन निसटू शकत नाहीत, कारण पतंग विणीतून मावत नाही.

रब्बीत हरभरा फुलोऱ्याच्या आधी हातभर वर येतो तेव्हा कॅम्पोलेटिसचे काम नुसत्या डोळ्याला दिसते, भिंग लागत नाही. ती घाटेअळी अगदी कोवळी असताना तिच्यात अंडे घालते, आणि अळी घाटे पोखरण्याच्या वयाला पोचण्यापूर्वीच मरते. पानाला किंवा देठाला तांदळाच्या दाण्यासारखा पांढुरका कोष चिकटलेला असतो आणि त्याला लागून अळीची वाळलेली कातडी. धुऱ्यावर बसून पाच-दहा झाडे उलटसुलट करून पाहिली तरी असे कोष मोजता येतात. ते बरेच दिसत असतील तर पंप त्या आठवड्यात घरीच ठेवायला हरकत नाही.